फुगलेली लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी: मिठाच्या पाण्यात टाकू का?

प्रश्न (देवबाग): मुलाच्या फोमच्या विमानाची ३ सेलची २२०० एमएएच लिपो उशीसारखी फुगलीय. मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहिली, चूक माझीच. कोणी सांगतं मिठाच्या पाण्यात बुडव, कोणी सांगतं माडाखाली पूर. घरात म्हातारी आई आहे, बॅटरी पेट घेईल या भीतीने झोप लागत नाही. काय करू?

उत्तर (रत्नागिरी): पुरू नका हो! तुमची विहीर आणि माड एकाच जमिनीतलं पाणी पितात. खारं पाणी आधी कनेक्टर खातं; बॅटरी मेल्यासारखी दिसते, आत चार्ज शिल्लक राहतो. टोचू नका, पुन्हा चार्ज तर मुळीच करू नका. अंगणात, गवताच्या गंजीपासून लांब, पत्र्याच्या बादलीत कोरड्या वाळूवर ठेवा. उरलेला चार्ज उतरवायला १२ व्होल्टचा, ५ वॅटचा गाडीचा बल्ब जोडा. विझला तरी दिवसभर तसाच राहू दे. मग प्रत्येक टोकाला वेगळी टेप.

उत्तर (दापोली): घंटागाडीत देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार बॅटरी घरच्या कचऱ्यापासून वेगळी द्यायची असते. अधिकृत ई-कचरा केंद्रात स्वतः न्या. एसटीच्या पार्सलात घालू नका, गाडीत माणसं असतात.

देवबाग: बल्ब लावलाय, शेजारी खुर्ची टाकून बसलोय. आत्ता मीटरवर ६ व्होल्ट.