मास्तरांना बोल लावण्याआधी

दादा, "झेडपीच्या शाळेत मास्तर शिकवतच नाहीत" हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. करवीर तालुक्यातल्या आमच्या शाळेत चार वर्ग आणि गुरुजी दोन. एक जण मतदारयाद्यांच्या कामाला गेला की दुसऱ्यानं चारही वर्ग कसे सांभाळायचे?

शिक्षण हक्क कायद्यानं २००९ साली शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक ठेवले, आणि समितीच्या एकूण सदस्यांत निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडाही त्यांनीच करायचा. पण बैठक दुपारी, आणि तेव्हा आया भांगलणीला रानात! आम्ही ती संध्याकाळी सातला घ्यायला लागलो, तेव्हा कुठं बायका बोलत्या झाल्या. पहिली मागणी रंगरंगोटीची नव्हती. मुलींच्या संडासात पाणी हवं होतं. पोषण आहाराच्या नोंदी लिहायला आता गावातली बारावी झालेली पोरगी हातभार लावते, गुरुजींचा तेवढा वेळ वर्गात जातो.

शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकालाही दरमहा १ रुपया दंड ठेवला होता. तालमीच्या वर्गणीला आपण घरोघर फिरतो, तसं शाळेसाठी का फिरू नये? एकदा आमच्या बैठकीला येऊन बसा.