नवरा-बायको दोघेही नोकरीत: डब्ल्यू-४ (पगारातील करकपातीसाठी कंपनीला द्यायचा अमेरिकी अर्ज) कसा भरावा?

प्रश्न

आम्ही न्यू जर्सीत राहतो. एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर असलेल्या माझ्या पत्नीला ईएडी (काम करण्याचा परवाना) मिळाल्यामुळे ती ऑगस्टपासून नोकरीस लागली आहे. माझा वार्षिक पगार १ लाख २० हजार डॉलर आणि तिचा ९० हजार आहे. विवरणपत्र आम्ही एकत्र भरतो, म्हणून दोघांच्याही डब्ल्यू-४ वर तेवढीच खूण केली असून बाकीचे रकाने रिकामे आहेत. तिच्या पहिल्या पे-स्टबवर (पगारपत्रकावर) फेडरल, म्हणजे केंद्रीय, कर फारच कमी कापलेला दिसला. हे असेच चालू राहिले तर एप्रिलमध्ये मोठी रक्कम भरावी लागेल का? शिवाय पुण्यातील बँकेत माझी एनआरई (अनिवासी भारतीयांच्या खात्यातील) मुदत ठेव आहे. तिच्या व्याजाचा येथे काही संबंध येतो का?

प्रतिसाद १

आपली शंका रास्त आहे. घरात येणारा पगार आपण देतो तेवढाच, असे धरून प्रत्येक कंपनी कर कापते. त्यामुळे कुटुंबाला एकदाच मिळणारी स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट मिळणारी वजावट) आणि कराचे १० व १२ टक्क्यांचे खालचे टप्पे दोन्हीकडे मिळून दोनदा धरले जातात. २०२५ चे दर घेऊन दोघांचा पूर्ण वर्षाचा पगार धरला, तर एकत्रित कर सुमारे २९ हजार डॉलर होतो आणि कापला जातो जेमतेम १७ हजार. म्हणजे १२ हजारांची तूट.

अर्जाची दुसरी पायरी नेमकी यासाठीच आहे. घरात दोनच नोकऱ्या असल्यास २-सी या चौकोनात दोघांनीही आपापल्या अर्जावर खूण करावी. एकानेच करून भागत नाही. कमी पगार हा जास्त पगाराच्या निम्म्याहून अधिक असला की या खुणेने होणारी कपात बऱ्यापैकी जुळते, आणि आपल्याकडे पगार तसेच आहेत. मुले असतील तर मात्र तिसऱ्या पायरीतील सवलत एकाच अर्जावर लिहावी, नाहीतर तीही दोनदा धरली जाईल.

प्रतिसाद २

एनआरई ठेवीचे व्याज भारतात करमुक्त असले, तरी अमेरिकेतील निवासी करदात्याला जगभरातील उत्पन्नावर कर द्यावा लागतो, त्यामुळे येथे ते करपात्रच आहे. वर्षभराचे अपेक्षित व्याज डब्ल्यू-४ च्या ४-ए या रकान्यात लिहावे. कंपनीला ते कळू द्यायचे नसेल, तर प्रत्येक पगारातून जादा कापायची रक्कम ४-सी मध्ये लिहूनही तेच साधते. राज्याच्या करासाठी एनजे-डब्ल्यू४ हा वेगळा अर्ज आहे, तोही तपासावा.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. परंतु वर्षाचे बरेच महिने उलटून गेले आहेत. आता कपात वाढवली तरी आधीच्या महिन्यांबद्दल दंड लागेल का?

प्रतिसाद १

पगारातून कापलेला कर, तो वर्षअखेरीस कापला गेला तरीही, वर्षभर समान हप्त्यांत भरला असे सामान्यतः धरले जाते. तिमाही आगाऊ कर स्वतः भरणाऱ्यांना ही सोय नाही. शिवाय गेल्या वर्षी आपले उत्पन्न दीड लाख डॉलरच्या आत असेल, तर या वर्षीची कपात गेल्या वर्षीच्या एकूण कराइतकी झाली की कमी भरण्याचा दंड लागत नाही. उरलेला कर मात्र १५ एप्रिलपर्यंत भरावाच लागतो.

पत्नीची नोकरी वर्षाच्या मध्यावर सुरू झाल्यामुळे केवळ २-सी वर विसंबू नये. दोघांचे ताजे पे-स्टब समोर ठेवून आयआरएसच्या (अमेरिकी कर खात्याच्या) संकेतस्थळावरील एस्टिमेटर (करकपातीचा अंदाज देणारे साधन) भरावा आणि तो सुचवेल ती जादा रक्कम ४-सी मध्ये लिहावी. नवा अर्ज लागू करण्यास कंपनीला साधारण महिनाभराची मुभा असते, म्हणून तो याच आठवड्यात द्यावा, आणि जानेवारीत पूर्ण वर्षाचे पगार धरून पुन्हा नवा भरावा.