खेळणी घ्यायची तर आधी सावंतवाडीची. पटतंय का?

रुजवण (धागाकर्ती):

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं आणि 'स्वदेशीच घ्या' हे आवाहन नव्याने जोरात सुरू झालं. मला ते मनापासून पटतं. पण 'सगळंच स्वदेशी' म्हटलं की चर्चा हवेत जाते. मोबाइलच्या चिपपासून खाद्यतेलापर्यंत सगळं एकाच तराजूत येतं आणि शेवटी कोणीच काही बदलत नाही. म्हणून एकच वस्तू घेऊन बोलू या: लहान मुलांची खेळणी.

माझं म्हणणं असं. जी वस्तू आपल्याकडे चांगली बनते आणि जिच्यामागे पिढ्यांचं कसब आहे, ती दीडपट पैसे पडले तरी आपल्याच माणसाकडून घ्यावी. सावंतवाडीची लाकडी खेळणी घ्या. चितार आळीतल्या दुकानात शिरलं की फळंभाज्या मांडून ठेवलेल्या दिसतात. आंबा, केळं, फणस, वांगं, मिरची. त्यातला एक आंबा हातात घेऊन नीट बघा. देठाशी हिरवा, पोटाला पिवळा आणि एकाच गालावर तांबूस छटा, तीही ब्रशने अशी उतरवलेली की कुठे हिरवा संपला आणि कुठे पिवळा सुरू झाला ते बोट ठेवून सांगता येत नाही. शेजारचा आंबा थोडा वेगळा. भातुकलीतलं जातं खरोखर फिरतं.

हे कसब कुठल्या संग्रहालयात ठेवून टिकत नाही. पाठोपाठ दोन-तीन हंगाम गिऱ्हाईक फिरकलं नाही, तर कारागिराचा मुलगा गोव्यात हॉटेलात नोकरी धरतो. मग पुढे आपण कितीही पैसे मोजायला तयार झालो तरी तो हात परत मिळत नाही. बाहेरून येणारं प्लास्टिकचं खेळणं मात्र आज नाही घेतलं तरी उद्या मिळणारच आहे. म्हणून वरचे पैसे मी देणगी समजत नाही. ही वस्तू पुढच्या वर्षीही बनावी, याची ती किंमत आहे.

दर्जाचं म्हणाल, तर भारतीय गुणवत्ता परिषदेने २०१९ मध्ये आयात खेळणी तपासली तेव्हा सुमारे ६७ टक्के नमुने सुरक्षेच्या चाचणीत नापास झाले होते. बाहेरचं म्हणजे चांगलं, हा समज आता तरी सोडू या.

विरोधी मतं हवीच आहेत. मोकळेपणाने लिहा.

दुकान_ठाणे:

खेळण्यांचं दुकान चालवतो, म्हणून काउंटरच्या या बाजूने लिहितो. गिऱ्हाईक आत येतं ते वाढदिवसाला जाता जाता. पाचशेच्या आत, दिसायला मोठं आणि छान गुंडाळून द्या, एवढंच त्याचं म्हणणं असतं. लाकडी भातुकली दाखवली की 'अरे वा, आमच्या लहानपणी होती' म्हणतात, हातात घेऊन बघतात आणि रिमोटची गाडी घेऊन जातात.

आणि माल मिळायला नको का? एका पुरवठादाराकडे दिवाळीसाठी मोठी ऑर्डर दिली होती. निम्मा माल दसऱ्याला आला, उरलेला भाऊबीज झाल्यावर. खोक्यावर किंमत नाही, वय किती ते नाही, खोकंही साधं पुठ्ठ्याचं. भाऊबीजेनंतर आलेला माल मी कोणाला विकू?

देशी खेळणी विकायला माझी ना नाही. चन्नपट्टणची विकतोच. कर्नाटकातल्या त्या गावात लेथवर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची कांडी टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि रंग तिथेच बसतो. तो नखाने निघत नाही. त्यांच्याकडे नव्या डिझाइनची खेळणी आहेत, खोकी नीट आहेत, वेळ पाळतात. तेही देशीच आहे ना? मग 'आधी सावंतवाडी' कशाला? जो नीट धंदा करतो त्याचा माल घ्यावा.

कोडवाला:

धागाकर्तीच्या भावनेचा आदर आहे, पण विचार पुरता शेवटपर्यंत नेलेला नाही असं वाटतं.

मी हिंजवडीत काम करतो. माझा पगार परदेशी कंपनीने तिकडचं काम इकडे दिलं म्हणून होतो. पुण्यातली किती घरं, किती खाणावळी, किती रिक्षा या पगारांवर चालतात ते बघा. तिकडचा माणूस उद्या तुमच्याच शब्दांत म्हणाला, 'दीडपट पैसे पडले तरी काम आपल्याच माणसाला द्यायचं', तर आपण काय उत्तर देणार? म्हणायला सुरुवात झालीच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-वन-बी (तिथे नोकरी करण्याचा व्हिसा) अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावलं, तेव्हा इथे आपण सगळे चिडलो होतो. जो न्याय त्यांना लावला तोच आपल्याला लावायला हवा.

जो जे स्वस्त आणि चांगलं करू शकतो ते त्याला करू द्यावं. कारागिराच्या मुलाला हॉटेलातल्या नोकरीत दर महिन्याला ठरलेला पगार मिळत असेल, तर त्याने ती घेऊ नये असं आपण शहरात बसून का ठरवायचं?

तळकोकण:

मी तिकडचाच, सावंतवाडीपासून जवळ राहतो. तुम्हा सगळ्यांच्याच लिहिण्यात थोडं राहून गेलंय.

पोरं धंदा सोडतात ते फक्त गिऱ्हाईक नाही म्हणून नव्हे. पहिली अडचण लाकडाची. ही खेळणी मूळची पांगाऱ्याची. पांगारा हलका, मऊ, पटकन कोरता येतो आणि लहान पोराने अंगावर पाडून घेतला तरी लागत नाही. पूर्वी कुंपणाला, मिरीच्या वेलाला आधार म्हणून सगळीकडे लावलेला असायचा. आता कुंपणं चिऱ्याची आणि तारेची झाली. पांगारा मिळेनासा झाला की दुसरं लाकूड वापरावं लागतं, ते जड पडतं, हत्यार लवकर बोथट होतं आणि मजुरी वाढते. तुमच्या दीडपट किमतीतले बरेच पैसे तिथेच जातात.

दुसरं, दुकानदारांसाठी. वेळेवर माल नाही ही तक्रार खरी आहे, पण कारण आळस नव्हे. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की लाकूड वाळत नाही आणि रंगाचा एक हात सुकायलाही फार वेळ जातो. ओल्या लाकडाचं खेळणं करून दिलं तर ते तुमच्या दुकानात चिरेल. दिवाळीची ऑर्डर गणपतीनंतर देऊन चालत नाही.

रुजवण:

कोडवाला, तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे, म्हणून आधी तो घेते. सरकारने कायदा करून कोणाचा रस्ता अडवणं आणि गिऱ्हाइकाने आपले पैसे कुठे द्यायचे ते स्वतः ठरवणं, यांत मला मोठा फरक वाटतो. अमेरिकेतल्या एखाद्या बाईने आपल्या गावातल्या सुताराकडून पाळणा घेतला तर मला राग येत नाही, उलट बरं वाटतं. शुल्क लावून दार बंद केलं तर येतो. मी इथे निवडीबद्दलच बोलतेय.

कारागिराच्या मुलाने नोकरी घेऊ नये असं मी कुठेही म्हटलेलं नाही. त्याला दोन्ही दारं उघडी असावीत एवढंच म्हणणं आहे. आज एकच उघडं आहे आणि दुसरं आपण गिऱ्हाइकांनी लावून घेतलंय.

चन्नपट्टणबद्दल दुकानदारांशी पूर्ण सहमत. शीर्षकात सावंतवाडी आहे ती मी महाराष्ट्रातली म्हणून. कर्नाटकातल्या वाचकाने आधी चन्नपट्टण म्हणावं.

माळरान:

निवडीबद्दल बोलतेय म्हणता, पण निवड आता उरली आहे कुठे? खेळण्यांवरचं आयातशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के केलं, २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्हही सक्तीचं. खेळण्यांची आयात २०१८-१९ मधल्या सुमारे ३७ कोटी डॉलरवरून २०२१-२२ मध्ये ११ कोटींवर आली. भिंत उभी झालीच आहे. आणि तिचे पैसे कोण देतंय? बाजारात दीडशे रुपयांत खेळणं शोधणारी आई. तुमची लाकडी भातुकली ती घेऊच शकत नाही. तिच्या पोराच्या हातात आता इथेच बनलेलं पातळ प्लास्टिक येतं. त्यावर 'भारतात बनलेलं' छापलेलं असलं तरी ते दोन दिवसांतच मोडतं. स्वदेशीचा अभिमान ज्याला परवडतो त्याने जरूर बाळगावा, पण बिल गरिबाच्या नावावर फाडू नये.

आणखी एक. तुम्ही ६७ टक्क्यांचा आकडा दिलात. ती तपासणी आयात मालाची होती. त्यावरून सावंतवाडीच्या आंब्याचा रंग सुरक्षित आहे हे कसं सिद्ध झालं? उलट हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक मानांकन असलेल्या खेळण्यांना आयएसआयच्या सक्तीतून सूट आहे. म्हणजे ज्या खेळण्याची तुम्ही शिफारस करताय त्याचीच तपासणी सक्तीची नाही. वर्षाचं मूल हातात येईल ते तोंडात घालतं. रंगात शिसं आहे की नाही हे तुम्ही विचारलंत का?

जुनी_पेठ:

हा वाद आपल्याकडे नवा नाही. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबाराला हातच्या सुताचे कपडे घालून गेले होते. तेव्हाही लोक म्हणत असणार की मँचेस्टरचं कापड स्वस्त आणि तलम आहे, मग हा हट्ट कशाला.

पण मला आज आठवण द्यायची आहे ती तळेगावच्या पैसाफंडाच्या काच कारखान्याची. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना अशी की प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्या निधीतून देशी उद्योग उभे करायचे. टिळकांनी पाठबळ दिलं आणि १९०८ मध्ये तळेगावला काच ओतायला सुरुवात झाली. कारखाना ज्यांनी उभा केला ते ईश्वरदास वार्ष्णेय जपानमध्ये आणि मग अमेरिकेत शिकून आलेले होते. त्या पिढीने परदेशी माल नाकारला, पण परदेशी विद्या नाकारली नाही. ज्याला काच करायची आहे त्याला आधी उत्तम काच करता आली पाहिजे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून माळरान यांचा रंगाचा प्रश्न मला या सगळ्या धाग्यातला सर्वांत स्वदेशी प्रश्न वाटतो. सूट घेऊन कसब टिकत नाही. चाचणी करून, ती पास होऊन टिकतं.

तळकोकण:

सूट का दिली तेही समजून घ्या. घरात चार माणसं मिळून काम करतात, प्रत्येक घराचा रंग, आकार वेगळा. प्रत्येक प्रकाराची वेगळी चाचणी आणि परवान्याचं शुल्क धरलं तर वर्षाची कमाई त्यातच जाईल. सूट नसती तर आळीतले अर्धे लोक पहिल्याच वर्षी बाहेर फेकले गेले असते. पण रंगाचं म्हणाल तर विचारायलाच हवं. जो दुकानदार रंगाचा डबा दाखवतो त्याच्याकडून घ्या. तीन वर्षांच्या आतल्या मुलासाठी बिनरंगाचं जातं, पोळपाट घ्या.

रुजवण:

माळरान, रंगाचा मुद्दा मान्य, आणि तो मला फार जवळचा आहे. माझ्या दृष्टीने 'आपलं म्हणून घ्या' याचा अर्थ 'आपलं म्हणून प्रश्न विचारू नका' असा कधीच नव्हता. परदेशी कंपनीला मी रंग कुठला वापरला ते विचारू शकत नाही, आळीतल्या माणसाला समोर उभं राहून विचारू शकते. हा हक्क आपण वापरत नाही, तो वापरायला हवा. चाचणीचा खर्च एकेका घराला झेपणार नसेल तर चार-पाच रंग सगळ्या आळीने मिळून ठरवावेत आणि त्या रंगांचीच चाचणी एकदा करून घ्यावी. खर्च वाटला जाईल.

गरीब आईच्या मुद्द्यावर मात्र मतभेद राहू द्या. ७० टक्के शुल्काचं समर्थन मी केलेलं नाही, करणारही नाही. पण या धाग्यावर लिहिणारे आपण बहुतेक जण मुलाच्या वाढदिवसाच्या केकवर लाकडी भातुकलीपेक्षा जास्त खर्च करतो. माझं आवाहन आपल्याला आहे, तिला नाही.

माळरान:

मग शीर्षकात 'ज्यांना परवडतं त्यांनी' हे शब्द घाला. माझा अर्धा विरोध तिथेच संपेल. उरलेला अर्धा शुल्काशी आहे, तो राहील.

कोडवाला:

निवड आणि सक्ती यांतला फरक पटला. तरी एक शंका राहतेच. निवडीचं आवाहन जोरात झालं की त्याची सक्ती व्हायला वेळ लागत नाही. आधी लोक म्हणतात, मग सरकार करतं. खेळण्यांवर तर शुल्क आधीच वाढलेलं आहे.

दुकान_ठाणे:

तळकोकण, ऑर्डर कधी द्यायची ते तरी नेमकं सांगा. मार्चमध्ये दिली आणि पावसाआधी माल उचलला तर चालेल का? माझी अडचण सरळ सांगतो. मार्चमध्ये निम्मे पैसे आगाऊ द्यायचे, मेअखेर माल उचलायचा आणि दिवाळीपर्यंत गोदामात ठेवायचा, म्हणजे सात-आठ महिने भांडवल अडकलं. दुसरीकडचा घाऊकवाला मला उधारीवर माल देतो, नाही खपला तर परतही घेतो.

तळकोकण:

मार्च उत्तम. लाकूड वाळलेलं असतं आणि लग्नसराई सोडली तर हातांना कामही कमी असतं. उधारी मात्र आमच्याकडे कोणाला झेपणार नाही. लाकूड रोख घ्यावं लागतं.

रुजवण:

मग ते भांडवल आपण गिऱ्हाइकांनी का देऊ नये? आमच्या सोसायटीत आंब्याच्या पेट्यांची नोंदणी अशीच होते. मार्चमध्ये पैसे भरतो आणि पेटी मेमध्ये येते. दिवाळीच्या भातुकलीसाठीही तसंच करू. मी आमच्या सोसायटीत विचारते, पुण्यातले आणखी कोणी तयार असतील तर इथेच लिहा. दुकानदार, ठाण्यात अशी नावं जमली तर मालाची ने-आण आणि वाटप तुम्ही कराल का? आणि दर नगामागे तुम्हाला किती सुटायला हवेत, ते आत्ताच मोकळेपणाने सांगा.