मदत हवी आहे: पाटी ऐनाची, झाड अर्जुनाचं?

वनस्पती उद्यानातल्या एका झाडाची ओळख पटवायची आहे. पाटीवर ऐन, टर्मिनॅलिया एलिप्टिका. पण साल गुळगुळीत, राखाडी-हिरवट, पापुद्रे सुटणारी. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते, म्हणून अर्जुनाची शंका. मात्र खोडाचा घेर जेमतेम ४० सेंमी, आणि एवढ्या कोवळ्या झाडाच्या सालीवर फार विसंबता येत नाही. पानाच्या बुडाशी ग्रंथींची जोडी आहे, पण ती दोघांतही असते. फळ असतं तर प्रश्नच मिटला असता. पाच पंख दोघांच्याही फळांना, पण पंखांवरच्या शिरा ऐनात आडव्या सरळ कडेपर्यंत जातात, अर्जुनात वर वळतात. झाडाखाली एक वाळकं फळ पडलंय खरं, पण शेजारीही याच कुळातलं झाड असल्याने तो पुरावा धरलेला नाही.

पाटीवर नोंदणी क्रमांक आहे, सुरुवातीला वर्ष. (रंगकामानंतर पाट्या भलत्याच झाडावर जाणं काही नवं नाही.)

नुसत्या पानांवरून, म्हणजे ग्रंथींची नेमकी जागा किंवा देठाची लांबी पाहून, खात्रीने सांगता येईल का? आणि त्या क्रमांकावरून उद्यानाकडे नेमकं काय मागावं: बियाण्याचा स्रोत, लागवडीचा नकाशा, की हर्बेरियममधला (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातला) नमुना?