गुण बरे आहेत, पण अ‍ॅग्री माझी लाइन आहे का?

तर्री_जास्त: बी.एस्सी. अ‍ॅग्री, चौथं सेम, नागपूर. सीजीपीए ७.९, म्हणजे जमत नाही असं नाही. नीटमध्ये एमबीबीएस हुकलं, सीईटीचा स्कोअर बरा होता, बाबा म्हणाले अ‍ॅग्री घे अन् एमपीएससी कर. वर्गात अर्धी पोरं तेच करून राहिली, कीटकशास्त्राच्या वहीखाली पॉलिटीचं पुस्तक. मी धरमपेठेत वाढलो. काटोलकडची पोरं ढेकूळ दाबून सांगतात वाफसा आलाय की नाही, म्हणजे जमिनीत कामापुरती ओल आहे की नाही. मी नुसता हात मळवतो.

मजा आली ती एकदाच, जानेवारीत, संत्र्याचे डोळे भरताना, म्हणजे कलमं करताना. जंबेरी लिंबाच्या खुंटावर वीतभर उंचीवर काप घ्यायचा, साल अलगद उचलून संत्र्याचा डोळा (अंकुर) सरकवायचा, वर पट्टी. मी २० भरले. तीन आठवड्यांनी पट्ट्या सोडल्या तर १३ हिरवे! घरी जायचंच विसरलो. एवढ्यावरून ठरवता येतं का?

काटोलचा_पोट्टा: वाफसा मलेही बापाच्या शिव्या खाऊनच समजला भाऊ. अन् १३? माझे ६ लागले होते, आमची तर बाग आहे बे.

रावे_संपली: सातव्या सेमला रावेत, म्हणजे शेतकऱ्यांसोबतच्या प्रात्यक्षिकासाठी, गावात राहावं लागतं, तिथे मला माझं कळलं. झाडाच्या खोडाला लावायचं बोर्डो मलम, मोरचूद, चुना अन् पाणी १:१:१०, हे पेपरात दहादा लिहिलं होतं. डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) लागलेल्या झाडापाशी काकांनी माझ्या मलमाच्या बादलीत विळा बुडवला, पात्यावर तांबूस थर आला. म्हणाले, "चुना कमी पडला, पोरी." लाज वाटली, पण दुसऱ्या दिवशी मीच आधी बागेत हजर.

तू मात्र तोवर थांबू नकोस, दीड वर्ष जाईल. या सुट्टीत शेंदूरजना घाटच्या एखाद्या नर्सरीत महिनाभर राहा. उन्हाळ्यात डोळे भरायचं काम नसतं. पाणी, निंदण अन् गिऱ्हाईकाशी घासाघीस. ते कंटाळवाणं कामही सोसतं का बघ. एमपीएससी कुठे पळून जात नाही.

तर्री_जास्त: ताई, वरुडला मावशी आहे, राहायची सोय होईल. बाबांना काय सांगायचं ते बघतो. डोळे भरायचा चाकू स्वतःचा घेऊ का?

रावे_संपली: चाकू राहू दे. दुपट्टा घे, मे महिना आहे.