मदत हवी आहे : शिवराईवरची हिरवी पूड आणि पणजोबांचं मोडी पत्र

नमस्कार मंडळी. नाणी, काडेपेट्यांवरची लेबलं, थोडं कन्नड आणि आता मोडी, असे माझे बरेच नाद आहेत. सध्या दोन ठिकाणी अडलोय.

१९५७ चा नया पैसा ('रुपये का सौवाँ भाग' लिहिलेला) ठणठणीत आहे, पण एका शिवराईवर (मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं) या पावसाळ्यात फिकट हिरवी पूड धरली. 'श्री राजा शिव' स्पष्ट वाचता येतं, 'छत्रपति'च्या बाजूची पूड मात्र बोटाला लागते. शेजारच्या काकू म्हणतात, चिंचेनं घासून काढ. देवाची भांडी ठीक, पण नाण्यावरचा जुना थरही त्याबरोबर निघून जाईल, म्हणून मी हात लावलेला नाही. अशी पूड कुणी थांबवली आहे का? कशानं?

दुसरं, पणजोबांचं पत्र. सुटी मोडी अक्षरं मला ओळखता येतात. पण इथे शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि हात न उचलता ओढलेल्या ओळी. तिसऱ्या ओळीत 'विहीर' लागलं, त्या दिवशी मला झोप आली नाही. पुढचं काहीच लागत नाही. कुणी सोबत बसून वाचेल का? फोटो लगेच पाठवतो.