सोसायटीची मोरजी (गोवा) सहल : शनिवारच्या जेवणाबाबत

गोखले काकू (ए-५०४) : सर्वांना नमस्कार. शनिवारी रात्री साडेआठला मोरजी किनाऱ्यावर टेंबवाड्याच्या त्याच शॅकमध्ये (किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलात) जेवण ठेवलेले दिसले. गेल्या वर्षी आपण बसलो होतो तिथून कासवांच्या घरट्यांभोवती वन खात्याने लावलेली जाळी वीस पावलांवरही नव्हती, आणि आपल्या डोक्यावर दिव्यांच्या माळा लोंबत होत्या. तेव्हा मी काही बोलले नाही, याची अजून रुखरुख वाटते. कृपया जेवण हलवावे.

कारखानीस (बी-२०१) : काकू, तुमच्या भावनेचा आदर आहे, परंतु चोवीस जणांची आगाऊ रक्कम भरून झाली असून कार्यक्रम महिनाभर ग्रुपवर होता. शिवाय शॅकला परवाना आहे.

देसाई (ए-१०१) : जागा तीच ठेवून दुपारी जेवावे.

कारखानीस (बी-२०१) : अंडी जाळीत सुरक्षित असतात आणि पिल्ले वन खात्याचे लोकच समुद्रात सोडतात. मग आपल्या जेवणाने काय बिघडते, हे कोणी समजावून सांगावे.

सावंत (सी-१०३) : सांगतो. जाळीत अंडी येतात ती मादी आधी किनाऱ्यावर आली तरच. ऑलिव्ह रिडले जातीच्या या समुद्री कासवाची मादी बहुधा रात्री वर येते आणि उजेड किंवा माणसांची वर्दळ दिसली, तर अनेकदा अंडी न घालताच माघारी फिरते. एका घरट्यात साधारण १०० अंडी असतात; ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले निघतात आणि जिकडे उजेड तिकडे धावतात, कारण मोकळ्या किनाऱ्यावर रात्री समुद्राची बाजूच अधिक उजळ असते. जे घरटे कोणाच्या नजरेस पडले नाही, त्यातली पिल्ले माळांच्या दिशेने शॅककडे येणार. कोकणातल्या वेळासच्या किनाऱ्यावर मी तळहातापेक्षा लहान, काळपट पिल्लू माणसाच्या पावलाच्या खड्ड्यात पडून तीन वेळा घसरताना आणि चौथ्यांदा वर चढताना पाहिले आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीतला हा जीव आहे.

कुलकर्णी (बी-४०४) : माझा विरोध नाही. मात्र गणपतीत गच्चीवरचा फोकस रात्री बारापर्यंत माझ्या आजारी आईच्या खिडकीवर येत होता, तेव्हा मी दिलेल्या लेखी अर्जाला अद्याप उत्तर नाही, याची नोंद घ्यावी.

कारखानीस (बी-२०१) : तो विषय सभेत झाला आहे. कृपया इथे आणू नये.

कुलकर्णी (बी-४०४) : सभेत झाला नाही. इतिवृत्त पाहावे.

देसाई (ए-१०१) : पुन्हा लिहितो, दुपारी जेवावे.

शिरोडकर वहिनी (सी-३०२) : माझे माहेर मोरजीजवळच्या पेडण्याचे, म्हणून लिहिते. शॅकवाल्यांना दोषी ठरवू नये, त्यांचे पोट हंगामावर आहे. पूर्वी गावात कासवाची अंडी खाल्ली जात, आणि पुढे गावातलीच माणसे रात्र रात्र घरट्यांवर पहारा देऊ लागली. माळा लावतात त्या गिऱ्हाइकाला आवडतात म्हणून. आपण दुपारी गेलो, तर त्यांचा धंदाही बुडत नाही.

कारखानीस (बी-२०१) : वहिनींचे पटले. शॅकच्या मालकांशी आताच बोललो. शनिवारी दुपारी एक वाजता तेच जेवण मिळेल, भरलेली रक्कम त्यातच वळती होईल. रात्री सर्वांनी हॉटेलवर जेवायचे आहे. काकू, मघाशी माझा सूर चढला असल्यास क्षमस्व.

गोखले काकू (ए-५०४) : मनापासून आभार. जेवणानंतर किनाऱ्यावर शतपावलीला जाणाऱ्यांनी टेंबवाड्याकडे वळू नये आणि मोबाइलचा टॉर्च लावू नये, एवढे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

कुलकर्णी (बी-४०४) : अर्जाची प्रत पुन्हा पाठवत आहे.